मुलांचा ताप आणि डेंग्यू: गावागावांतून येणारे प्रश्न

पोळ्याच्या आसपास विदर्भातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत तापाच्या लेकरांची रांग पार दारापर्यंत जाते आणि दिवाळीपर्यंत काही कमी होत नाही. त्याच दिवसांत फोनवरही तेच प्रश्न येत राहतात: आई विचारते, आजोबा विचारतात, आशाताई विचारतात. जे पुन्हा पुन्हा आले ते इथे उत्तरांसह दिले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. घाईत असाल तर आधी प्रश्न ४ आणि ५ वाचा. लेकरू आत्ता सुस्त पडलं असेल, हातपाय गार लागत असतील किंवा रक्त पडत असेल, तर पुढे वाचत बसू नका. १०८ ला फोन लावा.

१. या दिवसांत ताप आला म्हणजे डेंग्यूच असतो का?

नाही. पावसाळ्यातले मुलांचे बहुतेक ताप साधे व्हायरल असतात. नाक गळतं, खोकला येतो, घसा दुखतो आणि तीन ते पाच दिवसांत मूल आपोआप बरं होतं. डेंग्यूत ताप एकाएकी १०२-१०४ पर्यंत चढतो. डोकं आणि डोळ्यांच्या मागे ठणकतं, अंग मोडून येतं, मळमळतं, चेहरा लालसर दिसतो. सर्दी-खोकला फारसा नसतो. लहान लेकराला मात्र यातलं काहीच सांगता येत नाही. ते किरकिरतं, उचललं की रडतं, खाणंपिणं सोडतं.

पहिल्या दोन दिवसांत नुसतं बघून डेंग्यू आहे की नाही हे डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून तापाला नाव काय द्यायचं याच्या मागे लागू नका. त्या दोन दिवसांत मूल पाणी किती पितं आणि लघवी किती वेळा करतं, तेवढं बघा.

२. मग चिकनगुनिया, मलेरिया, गोवर, स्क्रब टायफस हे घरी कसे ओळखायचे?

पक्कं निदान घरी होत नाही, पण डॉक्टरला सांगण्यासारख्या खुणा असतात.

चिकनगुनियात सांधे धरतात, मूल चालायला तयार होत नाही. मलेरियात बहुधा थंडी वाजून, हुडहुडी भरून ताप येतो आणि घाम येऊन उतरतो, पण लहान मुलांत हा क्रम नेहमी दिसत नाही. गडचिरोलीत आणि लगतच्या जंगलपट्ट्यात तापाच्या प्रत्येक मुलाची मलेरियाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. आशाताईंकडे बोटाच्या रक्ताची किट असते, ती मोफत आहे. गोवरात आधी खोकला, नाक गळणं आणि लाल डोळे, मग कानामागून सुरू होऊन खाली उतरणारं पुरळ. घरात याला माता आली म्हणतात आणि औषध थांबवतात. तसं करू नका. गोवरात जीवनसत्त्व अ चा डोस मिळाला तर डोळे वाचतात, न्यूमोनियाचा धोकाही कमी होतो.

स्क्रब टायफसबद्दल जरा जास्त सांगते, कारण तो हमखास निसटतो. गवतात, झुडपात, धुऱ्यावर असणाऱ्या बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याची साथ आली होती. चावल्या जागी काळी खपली धरते, चटका बसल्यासारखी, पण ती दुखत नाही. म्हणून मूल सांगत नाही आणि कुणाच्या लक्षात येत नाही. काख, जांघ, कानामागे, कमरेची नाडी बांधतो ती जागा, सगळीकडे लेकराचे कपडे काढून उजेडात बघा. खपली दिसली तर डॉक्टरला बोट ठेवून दाखवा. हा आजार विषाणूचा नाही, योग्य अँटिबायोटिकने तो बरा होतो. पण नेहमीची बरीच अँटिबायोटिक त्यावर चालत नाहीत. सात दिवसांपेक्षा जास्त टिकलेला ताप सहसा डेंग्यूचा नसतो, तेव्हा स्क्रब आणि टायफॉइड हे दोन्ही बघावेच लागतात.

३. डेंग्यूची टेस्ट पहिल्याच दिवशी करून घ्यावी का?

पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही तपासणी उपयोगाची, पाचव्या दिवसानंतर आयजीएम. म्हणून ताप नेमका कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी सुरू झाला हे लिहून ठेवा, त्याशिवाय रिपोर्टचा अर्थ लागत नाही. गावातल्या लॅबमधली पट्टीची टेस्ट चुकू शकते. सरकारी रुग्णालयातून नमुना ठरलेल्या प्रयोगशाळेत जातो, तिथली एलायझा तपासणी जास्त भरवशाची आणि मोफत असते.

टेस्टपेक्षाही रोजची साधी रक्ततपासणी, म्हणजे सीबीसी, जास्त कामाची. तिच्यात प्लेटलेटखेरीज काय बघायचं ते प्रश्न ८ मध्ये आहे. टेस्ट निगेटिव्ह आली तर प्रश्न १२ पाहा.

४. चौथ्या दिवशी ताप उतरला, पोरगं गार झालं. आता काळजी मिटली ना?

सगळ्यात जास्त लेकरं आमच्या हातून इथेच निसटतात, म्हणून कळकळीने सांगते: डेंग्यूमध्ये ताप उतरतो तेव्हाच खरी जोखीम सुरू होते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो आणि पुढचे २४ ते ४८ तास नाजूक असतात. या काळात बारीक रक्तवाहिन्या माठासारख्या झिरपू लागतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीत उतरतं, उरलेलं रक्त घट्ट होतं आणि रक्तदाब ढासळतो.

घरात मात्र उलटंच घडत असतं. ताप उतरला म्हणून आई निंदणाला जाते, लेकरू आजीजवळ राहतं. ते पडून असतं आणि आजी म्हणते, "थकलं बिचारं, झोपू द्या त्याले." संध्याकाळी आई परत येते तेव्हा हातपाय गार, डोळे खोल, सकाळपासून लघवीच नाही. आजीचं यात काही चुकलेलं नसतं. तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

खरंच बरं होणारं मूल ताप उतरल्यावर खायला मागतं, खेळायला उठतं, नीट लघवी करतं. ताप गेला तरी मूल आणखी मलूल झालं, तर ते बरं होत नाहीये. ताप उतरल्यावर पुरे दोन दिवस घरातलं एक जाणतं माणूस मुलाजवळ राहिलंच पाहिजे. मजुरी बुडते हे मला माहीत आहे, तरीही सांगते.

५. कोणती लक्षणं दिसली की वाट न पाहता दवाखान्यात न्यायचं?

पोट सारखं आणि जोरात दुखणं. दिवसभरात तीन किंवा जास्त उलट्या, किंवा पाजलेलं काहीच न टिकणं. नाकातून, हिरड्यांतून रक्त, काळी शी, उलटीत रक्त, वयात आलेल्या मुलीला पाळीत नेहमीपेक्षा खूप जास्त रक्तस्राव. मूल सुस्त होणं किंवा उलट एकदम बेचैन होऊन तळमळणं. हातपाय गार आणि चिकट लागणं. सहा तासांत लघवी न होणं. श्वास जोरात चालणं, पोट फुगणं. झटका येणं किंवा ओळख न देणं.

यातलं एक जरी दिसलं तरी त्याच वेळी निघायचं, सकाळ व्हायची वाट बघायची नाही. घरी करता येईल अशी एक चाचणी: मुलाच्या बोटाचं नख पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. वेळ लागत असेल तर रक्त बोटापर्यंत नीट पोचत नाहीये.

६. तापाचं औषध कोणतं आणि किती द्यायचं?

फक्त पॅरासिटामॉल. वजनाच्या दर किलोला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटलीवरचा आकडा आधी वाचा, कारण दोन ताकदीची सिरप मिळतात: ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम किंवा ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला १२५ ची असेल तर ५ मिली, २५० ची असेल तर अडीच मिली. २० किलोच्या मुलाला १२५ ची १० मिली किंवा २५० ची ५ मिली. मोजायला बाटलीसोबतचं झाकण वापरा, घरातला चमचा नको. डोस दिला की वेळ कॅलेंडरवर लिहा. नाहीतर आईने दिलेलं आजीला माहीत नसतं आणि तासाभरात दुसरा डोस जातो.

आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक देऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेडिकलवर "ताप लवकर उतरणारी" म्हणून मिळणाऱ्या सिरपमध्ये पॅरासिटामॉलसोबत यातलं एखादं मिसळलेलं असतं. नाव विचारा, लेबल वाचून घ्या. निमेसुलाइडवर तर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे.

ताप एकदम ९८ वर आणायचा हट्ट नको. अंग साध्या पाण्याने पुसा, बर्फ नको. अंगावर गोधडी नको.

७. खायला-प्यायला काय द्यायचं?

पातळ आणि थोडं थोडं, पण सतत. ओआरएस, भाताची पेज, वरणाचं पाणी, ताक, मीठ-साखरेचं लिंबूपाणी, शहाळं मिळालं तर शहाळं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण कालवायचं. अर्ध पाकीट अर्ध्या ग्लासात नको. उलटी होत असेल तर दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. तान्ह्याचं अंगावरचं दूध चालूच ठेवा. नुसतं साधं पाणी लोटाभर पाजू नका, मीठही लागतं.

बीट किंवा लाल-काळी रंगीत पेयं या दिवसांत टाळा. नंतर उलटी लाल दिसली तर ते रक्त की रंग, हे आम्हालाही कळत नाही.

८. प्लेटलेट ४० हजारावर आल्या. नागपूरला न्यायचं का? पेशी चढवायच्या का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त घाबरून विचारला जातो. प्लेटलेट सामान्यतः दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या उतरतात, आणि आजार ओसरला की दोन-तीन दिवसांत आपोआप वर येतात. रक्तस्राव नसेल तर राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार साधारण १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवण्याची गरज नसते. नुसता आकडा बघून चढवलेल्या पेशी काही तासांत नष्ट होतात, फायदा होत नाही आणि खर्च मात्र घर गहाण टाकायला लावतो.

डेंग्यूत मूल बहुतेक वेळा प्लेटलेट कमी झाल्यामुळे दगावत नाही, रक्तातलं पाणी झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे दगावतं. ते रिपोर्टमध्ये दुसऱ्याच ओळीत दिसतं. तिथे एचसीटी किंवा पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, लिहिलेलं असतं. हा आकडा रोज चढत असेल आणि प्लेटलेट उतरत असतील तर रक्त घट्ट होतंय. हिमोग्लोबिनही सोबत वाढतं. काल ११ होतं, आज साडेतेरा झालं, म्हणून बाप खूश होऊन रिपोर्ट दाखवायला येतो. डेंग्यूत दोन दिवसांत वाढलेलं हिमोग्लोबिन ही चांगली बातमी नाही.

म्हणून ४० हजार असूनही मूल पितंय, लघवी करतंय, बोलतंय, एचसीटी स्थिर आहे, तर तालुक्याच्या रुग्णालयात देखरेखीखाली राहता येतं. आणि ९० हजार असूनही पोट दुखतंय, हात गार आहेत, तर त्याला मोठ्या रुग्णालयात हलवायलाच हवं. नागपूरचं मेडिकल आणि मेयो, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तुमच्या डॉक्टरला जवळचं कोणतं ते विचारा.

९. पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध यांनी पेशी वाढतात का?

यातल्या कशानेही मुलांमधला गंभीर डेंग्यू टळतो असा भरवशाचा पुरावा नाही. पपईचा रस इतका कडू असतो की लेकरू ओकतं, आणि ओकल्याने आहे तेही पाणी जातं. त्याच वेळी प्लेटलेट वाढल्या तर त्या वाढणारच होत्या. बकरीचं दूध द्यायचंच असेल तर उकळून द्या, कच्चं नको. किवीला जाणारे पैसे गाडीभाड्याला ठेवा.

पोटावर किंवा कपाळावर चटके देणं मात्र कुणी सांगितलं तरी करू देऊ नका. चटक्याची जखम चिघळते आणि दवाखान्यात यायचे दिवस त्यात जातात.

१०. एक सलाईन आणि सुई लावली की पोरगं उठून बसतं. गावातल्या डॉक्टरकडून लावून घेऊ का?

तोंडाने पिणाऱ्या मुलाला सलाईनची गरज नाही. डेंग्यूत सलाईन मोजून, वजनावर, दर काही तासांनी नाडी आणि रक्तदाब बघून द्यावी लागते. कमी पडली तरी धोका, जास्त झाली तर पाणी छातीत साठून श्वास अडकतो. खाटेवर झोपवून खिळ्याला टांगलेली बाटली हे काम करू शकत नाही. कमरेत दिलेल्या सुईच्या जागी रक्त साखळतं. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, आणि स्टेरॉइडने ताप उतरून खरी लक्षणं झाकली जातात.

११. तापात झटका आला तर?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ताप भरभर चढताना झटका येऊ शकतो आणि बहुतेक वेळा तो पाच मिनिटांच्या आत थांबतो. मुलाला कुशीवर वळवा, गळ्याचं बटण सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून झटका थांबत नाही.

पाच मिनिटांवर गेला, पुन्हा आला, किंवा झटक्यानंतर मूल नीट शुद्धीवर आलं नाही, तर हा साधा तापाचा झटका समजू नका. जपानी मेंदूज्वर, मेंदूत गेलेला मलेरिया आणि चांदीपुरा हे तिन्ही आपल्या भागातले आजार आहेत. चांदीपुरा विषाणूला नावच नागपूर परिसरातल्या गावावरून मिळालं, १९६५ मध्ये तो तिथे सापडला. वाळूमाशी चावून तो होतो आणि सकाळी ताप आलेलं मूल दुसऱ्या दिवशी बेशुद्ध होऊ शकतं. तुमच्या जिल्ह्यात जपानी मेंदूज्वराची लस दिली जात असेल तर ९ महिन्यांची आणि दीड वर्षाची अशा दोन्ही मात्रा चुकवू नका.

१२. डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण मूल मलूल आहे. काय समजायचं?

मुलाकडे बघा, कागदाकडे नाही. चुकीच्या दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्ह येते. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या मुलात तर एनएस१ लवकर नाहीसं होतं. प्रश्न ५ मधलं काही दिसत असेल तर रिपोर्ट काहीही म्हणो, दाखल करा. उलट, रिपोर्ट पॉझिटिव्ह असूनही हसतंखेळतं, पाणी पिणारं मूल रोज तपासणीला येत घरी राहू शकतं.

१३. ताप गेल्यावर अंगभर लाल चट्टे आले, तळहात खाजतात. औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?

बहुधा नाही. लाल कातडीत मधे मधे पांढरे ठिपके, असं खाजरं पुरळ डेंग्यू ओसरताना येतं आणि काही दिवसांत जातं. मूल खातपीत असेल तर ही बरी खूण आहे. थकवा दोन-तीन आठवडे राहू शकतो.

१४. घरात एकाला झाला, दुसऱ्या लेकराला वेगळं ठेवू का?

डेंग्यू शिवल्याने, उष्ट्याने होत नाही. पण तापाच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत त्या मुलाला चावलेला डास पुढे आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणून मच्छरदाणी आधी आजारी मुलाला, आणि तीही दिवसा. गोवर आणि कांजिण्या मात्र हवेतून पसरतात. गोवराचं पुरळ आल्यापासून चार दिवस, आणि कांजिण्यांच्या सगळ्या खपल्या धरेपर्यंत शाळा नको.

१५. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. ड्रम रिकामे ठेवा म्हणता, मग प्यायचं काय?

तुमचा राग बरोबर आहे. पाणी साठवल्याशिवाय बुलडाणा, वाशीम, अकोल्यातल्या कितीतरी गावांत संसारच चालत नाही. म्हणून रिकामं ठेवा असं मी म्हणत नाही. झाका, आणि नळ येण्याच्या दिवशी नवं पाणी भरण्याआधी ड्रम, रांजण, हौद आतून ब्रशने घासून घ्या. एडिस डासाची मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटवते. ती कोरडी असूनही काही महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत, पुन्हा पाणी आलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्याची घासणी पुरते. ड्रमच्या तोंडावर जुन्या धोतराचं किंवा साडीचं कापड दुहेरी करून दोरीने घट्ट बांधा. वर ठेवलेल्या पत्र्याखाली फट राहतेच.

आता कुलर. आपल्याकडे मे महिन्यात त्याच्याशिवाय जगता येत नाही आणि जूनमध्ये बंद केल्यावर तो तसाच खिडकीत राहतो. टाकीत तळाशी चार बोटं पाणी, वरून पावसाचं. पंचनामा करायला आलो तर अळ्या बहुतेक तिथेच सापडतात: उलट्या लटकलेल्या, हात लागला की वळवळत तळाला जाणाऱ्या. कुलर बंद केला त्याच दिवशी टाकी उपसा, घासा, वाळवा, टट्ट्या काढून टाका. फ्रिजमागचा ट्रे, छतावरचे टायर, फवारणीचा ड्रम, गुरांची हौदी हेही बघा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात, आरोग्य केंद्रात विचारा.

धुरळणीने उडते डास तेवढे मरतात, अळ्या तशाच राहतात. आणि शेतातलं कीटकनाशक घरात किंवा हौदात मारू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही.

हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळण्याआधी जास्त. अंगणवाडीत दुपारी झोपणाऱ्या लेकरांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

१६. बाळ दोन महिन्यांचं आहे, ताप आला. पॅरासिटामॉल देऊ का?

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप असेल तर घरी औषध नाही, थेट रुग्णालय. सहा ते बारा महिन्यांच्या बाळांतही डेंग्यू लवकर बिघडू शकतो. आईला आधी डेंग्यू झालेला असेल तर तिच्याकडून आलेली प्रतिद्रव्यं या वयात कधी कधी आजार वाढवतात.

१७. मुलाला सिकलसेल आहे. त्याच्यासाठी काही वेगळं?

हो, बरंच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलची कितीतरी मुलं आहेत. रिपोर्टवर एसएस असलेल्या मुलाला १०१ च्या वर ताप आला तर दोन दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात. त्याची प्लीहा नीट काम करत नसल्याने जंतुसंसर्ग झपाट्याने रक्तात पसरू शकतो, आणि पाणी कमी पडलं की रक्तपेशी अडकून हाडं ठणकतात. इथे अँटिबायोटिक लागतं, प्रश्न १० मधला नियम या मुलाला लागू नाही.

त्याचं नेहमीचं हिमोग्लोबिन ७-८ असेल आणि डेंग्यूत ते १० आलं, तर लॅबच्या कागदावर ते अजूनही कमीच छापलेलं असतं. नव्या डॉक्टरला रक्त घट्ट झालंय हे कळत नाही. म्हणून जुना रिपोर्ट सोबत न्या आणि "याचं नेहमी साडेसात असतं" हे तोंडाने सांगा. वाहक, म्हणजे एएस असलेल्या मुलाला सहसा असा धोका नसतो.

१८. एकदा डेंग्यू झाला, आता पुन्हा होणार नाही ना? लस आहे का?

विषाणूचे चार प्रकार आहेत. ज्याचा झाला त्या प्रकाराचा सहसा पुन्हा होत नाही, बाकी तिन्हींचा होऊ शकतो, आणि दुसऱ्या वेळी आजार गंभीर होण्याची शक्यता जास्त. त्यामुळे "याले आधी झाला होता" हे डॉक्टरला सांगायलाच हवं. सरकारी लसीकरणात अजून डेंग्यूची लस नाही. देशात तयार झालेल्या लसीची मोठी चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली.

१९. रात्र आहे, दवाखाना ३० किलोमीटर. निघताना काय करायचं?

१०८ ला फोन करून गावाचं नाव, जवळचा फाटा आणि मुलाचं वय सांगा. गाडीला उशीर असेल तर गावातली गाडी काढा आणि कोणत्या रुग्णालयात जाताय ते आशाताईंना कळवा, म्हणजे त्या पुढे फोन करतील. शुद्धीत असलेल्या मुलाला वाटेत चमच्याने ओआरएस पाजत राहा, सुस्त असेल तर काही पाजू नका, कुशीवर धरा. सगळे रिपोर्ट, औषधांच्या बाटल्या, रेशनकार्ड आणि आधार पिशवीत घाला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी कागद लागतात.

सोबत तेच माणूस यायला हवं ज्याने दिवसभर मुलाला सांभाळलं. आजी असेल तर आजी. शेवटची लघवी कधी झाली हे आम्ही पहिल्यांदा विचारतो, आणि त्याचं उत्तर तिच्याचकडे असतं.